सुनेची धर्मलेक

“बनाबाई चालणार नाहीत, शालनबाई,” फादर म्हणाले. पण धर्ममाता हो म्हणून बनाबाईला खण-नारळ देऊन शालन मोकळी झाली होती, आणि बनाबाईनं निम्म्या मंगळवार पेठेत सांगूनही टाकलं होतं.

शालनचा बाप्तिस्मा रविवारी. मधे तीन दिवस.

“चालणार न्हाईत म्हंजे? तीस वरसांची शेजारीण हाय. तिच्याबिगर माजं बरं-वाईट कुणाला ठावं?”

“बाई चांगल्याच आहेत. पण धर्ममाता कॅथॉलिक लागते, तिचा दृढीकरणाचा संस्कार झालेला लागतो. हा लग्नातला मान नव्हे. उद्या तुमचं पाऊल चुकलं, तर तोंडावर सांगायला माणूस हवं.”

शालननं आपलं लग्नातल्यासारखंच धरलं होतं. जवळचं, वजनदार माणूस बघायचं, ओटी भरायची, झालं. सात वर्षांपूर्वी लेकानं, सयाजीनं, आजऱ्याची कॅथॉलिक मोना बायको करून आणली, तेव्हा देवळात नारळ फोडणारी ही बाई. मग नात झाली. रविवारी नातीला धरायला म्हणून ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसू लागली. पुढं नात मोठी झाली, धरायची गरज उरली नाही, तरी शालन येतच राहिली. आणि दरवर्षी एकदोन बाकं पुढं सरकत गेली. आता पुढं सरकायला बाकच उरलं नव्हतं.

घरी येताना तिनं चर्चमधल्या बायका मनातल्या मनात तोलल्या. पिठाची गिरण चालवणाऱ्या बाईला ती सवयच. डबा हातात आला की आतलं दळण कळतं, मग माणूस का कळू नये? डिमेलोबाई गोड. इतकी गोड, की आपण विहिरीत उडी टाकायला निघालो तरी ‘छान’ म्हणेल. कार्मेलीनबाई चूक सांगेल जरूर. आपल्याला एकदा आणि गावाला दहादा.

तोंडावर सांगणारं माणूस तिला आजवर एकच भेटलं होतं. लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा मोना गिरणीत येऊन म्हणाली होती, “आई, आपला काटा जास्त वजन दाखवतोय.” शालननं पंधरा दिवस तिच्याशी अबोला धरला. सोळाव्या दिवशी काटा दुरुस्त करून घेतला. दोघींनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

मोना दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली, तशी शालननं सांगून टाकलं, “रविवारी तू हुबी ऱ्हायाचं. माजी धर्ममाता म्हणून.”

मोना चप्पल काढता काढता थांबली. “मी? आई, सून सासूची आई होते होय? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं दळाण मी दळते. ते काय म्हणत्यात ते मला म्हाईत हाय.”

“आणि चुकलं तर मी तुम्हाला बोलायचं?”

“सात वरसं बोलतीसच की. आता देवाम्होरं बोल.”

फादरांनी हरकत घेतली नाही. राहिली बनाबाई.

“तुज्या देवाला माजं काय वंगाळ दिसलं?” बनाबाईनं उंबऱ्यातच विचारलं.

“तुज्यात खोट न्हाय गं. त्येंचा कायदाच तसा हाय.”

“मग ह्यो खण घे माघारी.”

“ठेव. तुला काम हाय. डोसक्यावर पाणी वतत्यात. पुसाय टावेल घिऊन पयल्या बाकावर बसायचं. त्याला घरचंच माणूस लागतंय.”

बनाबाईनं खण उलटसुलट करून पाहिला. थोडा वेळ रुसण्यात घालवावा की नाही, याचा तिनं विचार केला असावा.

“टावेल नवा आणू का धुतलेला?”

“धुतलेला. नवा पाणी टिपत न्हाय.”

रविवारी बनाबाई टॉवेल मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली, ती यजमानीण असल्यासारखी. फादरांनी विचारलं, “धर्ममाता कोण?” मोना उठली. मागं कुजबूज झाली, तशी बनाबाई मान वळवून अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “सूनच हाय तिची. आजपासनं सासू हिच्या धाकात.” फादरांनी हसू दाबायला पुस्तकात बघितलं.

शालन वाकली. धर्ममातेनं उजवा हात खांद्यावर ठेवायचा असतो. ज्या खांद्यावरनं शालननं गव्हाची पोती वाहिली, त्यावर मोनाची बोटं नुसती टेकल्यासारखी होती. सासूच्या खांद्यावर हात ठेवायचा तिला सराव नव्हता, आणि अंगावर हात ठेवून घ्यायचा शालनला.

पाण्याची पहिली धार डोक्यावर आली. शालन मान न वळवता पुटपुटली, “धर नीट. मोडत न्हाय मी.”

तेव्हा कुठं तो हात पुरता टेकला.