दोन कळांची सोय

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या कपाटात, मोडक्या स्टेपलरच्या शेजारी पडून आहे. माझी कीव करू नका. ऐका, एवढंच.

विमा कंपनीच्या ऑफिसात आलो तेव्हा मी टकाटक वाजायचो. तिथल्या एक ताई माझ्यावर ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायच्या. माझी अक्षरं झिजली ती त्यांच्याच बोटांनी. साहेब कौतुकाने म्हणायचे, "ताई म्हणजे आपलं मशीन!"

मग खरंच मशीन आलं. एआय उत्तरं लिहू लागलं, ताईंनी नुसती माहिती भरायची. मात्र दर ग्राहकासाठी नवी चॅट उघडायची, नाहीतर आधीच्याचं उत्तर पुढच्याला चिकटतं. ती उघडायला माऊसच लागायचा, आणि ताईंचं उजवं मनगट कामातून गेलेलं. माऊस धरला की चमक थेट खांद्यापर्यंत जायची.

"साहेब, वर कळवा ना. दोन कळा दाबून नवी चॅट उघडू दे."

"ताई, एक क्लिक तर करायचंय! डोंगर उचलायला सांगितलाय का?"

"एक दिवस माझं मनगट लावून करून बघा."

सगळे हसले.

ताईंनी स्वतःच एआयवाल्यांना लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.' तेही मशीननेच लिहिलेलं. चुलीत घाला असलं मोल!

एका दुपारी मनगट सुजलं. साहेबांना तर तक्रारींचा ढीग संपवून हवा होता. ताईंनी जुन्याच चॅटमध्ये पुढची तक्रार भरली. आधीचा ग्राहक गाडीवाला होता, पुढची बाई नवरा गेलेली. तिला सांत्वनाचं उत्तर गेलं, आणि खाली ओळ, 'काळजी नसावी, दुरुस्तीनंतर ते पूर्वीसारखे धावू लागतील.'

बाई ऑफिसात आली. ओरडली नाही. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "हे कोणी लिहिलं?"

साहेबांनी ताईंकडे बोट दाखवलं. त्या दिवशी कोणीच हसलं नाही. ताईंना घरी बसवलं. जाताना त्यांनी मला पुसलं, डाव्या हाताने.

पुढे ती दोन कळांची सोय आली. साहेब नव्या कीबोर्डवर सगळ्यांना दाखवत होते, "बघा, किती सोपं!"

मित्रांनो, कीबोर्डची धूळ झटका वगैरे मी सांगणार नाही. प्लास्टिकला दुखत नाही. पण शेजारचं माणूस हात दुखतो म्हणालं, तर हसण्याआधी त्याचा हात बघा. तेवढंही जमत नसेल, तर कपाट बंदच ठेवा. तुमची बोटं मला नकोत.