पांढऱ्या दगडांची वाट

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. ब्राह्मणपुरीच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, लोकरी मफलरखाली माझा मुक्काम असतो. काच तडकली आहे, पण सुई अजून चोख चालते. तेच तर माझे दुःख आहे.

कारखान्यातून मी फौजेत आले आणि हिंमतरावाच्या हाती पडले. ब्राह्मणपुरीचा हा शेतकऱ्याचा मुलगा अधिकारी होण्याचे शिक्षण घेत होता. एकसष्ट साली त्याच्या तुकडीची कसोटी अक्कलकुव्यापलीकडच्या डोंगरात ठरली. सरकार या पोरांवर एवढा पैसा ओतते, त्याचे चीज होते की नाही, हे पाहायला बडे साहेब येणार होते. ज्याने त्याने नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे रान ओलांडून टेकडीवरचा तंबू गाठायचा होता.

साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होते? दगडांना चुना! पाहुणे ज्या पायवाटेने तंबूकडे चढणार, तिच्या दोन्ही बाजूंचे दगड पांढरेशुभ्र झाले. कुणाच्या मनात पाप नव्हते, मानपान होता. पण मला त्या पांढऱ्या रंगाची धडकी भरली.

हिंमतराव रानात चुकला. त्याने मला तळहातावर घेतले. मी दिशा बरोबर दाखवत होते, पण त्याला माझा भरवसा वाटेना. तेवढ्यात झाडीतून चुन्याचे दगड दिसले. त्याने मला खिशात टाकले आणि दगड धरून सर्वांच्या आधी तंबू गाठला.

साहेबांनी पाठ थोपटली. "शिक्षणाचे चीज झाले!" म्हणाले.

आपण कसे पोचलो ते हिंमतराव सोबत्याला आपल्या अहिराणीत हळूच सांगत म्हणाला, "धनसिंग, मी यंत्र दखीसन नही उनू. दगडं दखीसन उनू."

"गप रे! सायेब खूश शे ना? मंग कोनले काय पडेल शे?"

त्याने मी असलेल्या खिशाचे बटण लावले. सुटीत तो घरी आला तेव्हा त्याच्या आईने, वत्सलाबाईने, मला हातात घेऊन विचारले, "बापू, हाई काय शे?"

"माय, हाई वाट दखाडस."

"मंग माले घोर नही," ती म्हणाली. मला मात्र घोर लागला.

पुढच्याच वर्षी लढाई पेटली. उत्तरेच्या सरहद्दीवर, हिमवादळात, त्याला आपली माणसे मागच्या ठाण्यावर न्यायची होती. त्याने मला बाहेर काढले. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड नाही. त्याची नजर सवयीने दगड शोधू लागली. मित्रांनो, तिथे सगळेच दगड पांढरे होते.

तो भलत्याच दिशेने चालत गेला. त्याच्या सामानाबरोबर मी एकटेच घरी आले.

बाळांनो, कुणाची परीक्षा घ्याल तेव्हा त्याची वाट सजवू नका. चुकला तर इथेच चुकू द्या, इथे हाक मारायला माणसे असतात.

वत्सलाबाई अधूनमधून पेटी उघडते. मला पदराने पुसते आणि विचारते, "तू त वाट दखाडस ना रे? मंग मन्हा हिंमत कोठे ऱ्हायना?"

माझी सुई थोडी डोलते आणि उत्तरेकडे थांबते. तो तिकडेच राहिला.