पाचव्या दिवसाचं न्हाणं

सुर्ला गावात आजवर मला कोणी बोल लावलेला नाही. म्हणून मीच सांगते, आणि सांगताना मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

मी तारा, इथल्या अंगणवाडीची बाई. गंगा माझी मदतनीस, मूळची खानापूरकडची. तिचा नवरा शिवदास खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. पोरांची खिचडी गंगा शिजवायची. तिच्या हाताला चव होती, पण ते मी कधी तिच्या तोंडावर म्हटलं नाही. उगाच शेफारली असती.

गोवा घटकराज्य होऊन तेव्हा बारा वर्षं झाली असतील. गावात ट्रक वाढले, ट्रकांमागून तो रोग आला, आणि वरून हुकूम आला की बायकांना एड्सची माहिती द्या. डिचोलीला तीन दिवसांचं शिबिर झालं. रोहिणी मॅडमनी शिकवलं ते मी वहीत उतरवून घेतलं, गंगेनं डोक्यात. गावात सभा लावली तर आलं कोण? चार म्हाताऱ्या, त्याही चहासाठी. मग माझंच डोकं चाललं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतंच, तिथेच सांगायचं. आधी माहिती ऐका, मग कुंकू लावून घ्या आणि वाण न्या. स्टीलच्या वाटीसाठी झाडून सगळ्या आल्या.

गंगेनं खिचडी ढवळायच्या करवंटीच्या डवल्याच्या दांड्यावर निरोध चढवून दाखवला. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या, पण नजर कोणी काढली नाही. मग ती म्हणाली, शिवल्यानं हा रोग होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, कुंकू लावल्यानं होत नाही. कुंकवाचं माझ्या वहीत नव्हतं. ते तिनं स्वतःच्या अकलेनं घातलं, आणि मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

पुढच्या दिवाळीनंतर शिवदासनं अंथरूण धरलं. इस्पितळात दोघांचं रक्त तपासलं, आणि दोघांनाही तेच निघालं. गंगेनं हे फक्त मला सांगितलं. मी फक्त माझ्या जावेला, सिद्धीला सांगितलं, तेही शपथ घालून. आठ दिवसांत गावभर झालं. आया पोरांच्या पिशवीत घरून पाव घालून पाठवू लागल्या. खिचडी टोपात तशीच राहायची. अंगणवाड्या तपासणाऱ्या वरच्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, मुलं जेवत नसतील तर मदतनीस बदला, रथसप्तमीपर्यंत मी थांबते.

दुसऱ्या दिवशी गंगा माझ्या रांधपात चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"बाई, औंदाच्या हळदीकुंकवाला पहिलं बोट मला लावा," ती म्हणाली. "आणि माझ्या हातचं तुम्ही लावून घ्या. तुम्ही घेतलंत की बाकीच्याही घेतील. माझं काम राहील. काम गेलं तर ह्यांच्या तोंडात पेज कुठून घालू मी?"

मी सातेरी देवीच्या नावानं हो म्हटलं. म्हणताना मनापासून म्हटलं होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती सगळ्यांआधी आली आणि रांगेत पहिली बसली. ठेवणीतली हिरवी साडी होती. कपाळावरची टिकली काढून कपाळ कोरं ठेवलं होतं, माझ्या बोटासाठी. माहिती त्या वर्षी मीच सांगितली, वही बघून. शिवल्यानं होत नाही, हे दोनदा सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या.

मग मी करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्यासमोर वाकले. बोट बघून घेतलं. त्याला साधा ओरखडाही नव्हता. मला सगळं ठाऊक होतं, वर्षभर तेच बडबडत होते मेली मी. पण तिच्या कपाळाला घाम आला होता, आणि नंतर ती तिचं बोट माझ्या कपाळाला लावणार होती. हात पुढे जाईना. बायका बघत होत्या. हाताआधी माझी जीभ चालली.

"गंगा, तू बाहेरची आहेस ना गो? मग इथे कशी बसलीस?"

देवाशप्पथ, मला वाटलं मी तिची अब्रू राखतेय. बाहेरच्या बाईला कुंकू लावत नाहीत, त्यात अपमान कोणी धरत नाही. चार दिवस बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, संपलं. कुणाकडे जायचं टाळायला हे खोटं आम्ही सगळ्याच कधी ना कधी बोललोय. नाही म्हणायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण तिनं चारचौघींत माझी लाज राखली.

"होय बाई. ध्यानात राहिलं नाही," ती म्हणाली आणि उठली. बायकांनी गुडघे आखडून तिला वाट दिली. ती बसली होती तिथे सिद्धीनं पाणी शिंपडलं. माझ्या बोटावरचं कुंकू अजून ओलं होतं, ते मी पुढच्या कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी एकाही पोरानं खिचडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी वरच्या बाईंकडे गंगेच्या जागी सिद्धीचं नाव पाठवलं. घरातली, विश्वासाची. गंगेला सांगायला मी गेले नाही. गाव सांगणारच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्या अंगणात आली. डोक्यावरून न्हालेली, केस ओले, पोलक्याची पाठ भिजलेली. हातात स्वतःचा करंडा. रस्त्यानं बायका विहिरीवर निघाल्या होत्या, त्या कळशा घेऊन थबकल्या. मी जनेलाचे गज धरून उभी होते.

"पाचवा दिवस, बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "न्हाले मी. आता लावा."

मी म्हटलं, "आता हळदीकुंकू संपलं," आणि जनेल ओढून घेतलं.

रथसप्तमीला अजून दोन दिवस होते. तिला ते ठाऊक होतं, आणि रस्त्यावरच्या बायकांनाही.