मिल्ड्रेडची झोप

मिल्ड्रेडची साखर कधीही एकदम उतरू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मी घराचा दवाखाना करून टाकला. मिल्ड्रेड म्हणजे माझी फेरेट. मुंगसासारखी लांबुडकी, सहा वर्षांची, स्वभावाने खवट. फ्रिजवर सूचनांचा कागद, बार्न्सलीच्या दवाखान्याचा नंबर तीन ठिकाणी, दाराशी न्यायचा पिंजरा, डब्यात मध. मध हिरड्यांना चोळायचा, तोही कापसाच्या काडीने. ‘बोट घालू नये’ हे मी लाल शाईने लिहिलं होतं.

तयारीत कसर एकच राहिली. ती वापरणारा मी होतो.

मार्चमध्ये ती तिच्या झोपायच्या झोळीत निपचित दिसली. हलवलं, हाका मारल्या, ढिम्म. मी घरातल्या सपातांवरच दवाखाना गाठला. टेबलावर ठेवल्याबरोबर बाईसाहेबांनी जांभई दिली. फेरेट मेल्यासारख्या झोपतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या विल्फने पन्नास वर्षं बिळात फेरेट सोडून ससे धरले. त्याने ही हकिकत पबमध्ये चवीचवीने सांगितली. मग मी आत शिरलो की कोणीतरी हमखास घोरायचं.

म्हणून जूनमध्ये ती तशीच पडलेली दिसली तेव्हा मी शहाण्यासारखा चहा ओतून घेतला. तेवढ्यात विल्फ कोबीची रोपं घेऊन मागच्या दाराने आला.

“म्हातारी कुठंय तुझी?”

“झोपलीय. ह्या वेळी नाही फसायचो मी.”

तो झोळीपाशी वाकला. “अरे गाढवा, लाळ गळतेय तिची! झोपेत लाळ गळते होय? मध आण, मध!”

मी मधाच्या डब्यावर झडप घातली. कापसाची काडी कुठली आठवतेय! बोटच मधात बुचकळलं आणि तिच्या हिरड्यांना चोळत सुटलो. “ऊठ गं बाई, ऊठ,” म्हणत चक्क रडत होतो, तेही विल्फसमोर. पाचेक मिनिटांनी तिने त्या बोटाला असा कडकडून चावा घेतला की मी किंचाळलो. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दवाखान्याकडे गाडी विल्फनेच काढली. पिंजरा माझ्या मांडीवर, बोटाला रुमाल.

“तुला बरं लगेच कळलं,” मी म्हणालो.



“नेली म्हणून माझी एक फेरेट होती, तीही अशीच पडली होती,” तो म्हणाला. “झोपलीय म्हणून मी दुपारभर बटाटे खणत बसलो.”

आणि त्याने गाडीचा वेग वाढवला.