फिट थांबल्यावर

मी एक जुनं टेबल आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, मी काही ऐरंगैरं टेबल नाही. एका घड्याळजीने मला खास आपल्या कामासाठी बनवून घेतलं. उंची जरा जास्त, म्हणजे मान अवघडत नाही. चारी कडांना बारीक पट्टी, म्हणजे तिळाएवढे स्क्रू घरंगळून खाली पडत नाहीत. त्याच्या सूचना ऐकून सुतार वैतागला. टेबल हवंय की तटबंदी, असं पुटपुटला. पण पट्टी अशी पक्की बसवली की अजून हललेली नाही.

दुकानात माझा मोठा थाट होता. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून माझ्यावर वाकला की बाहेर जग बुडालं तरी मान वर करायचा नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, काय लक्ष आहे या माणसाचं! त्यातलं निम्मं कौतुक माझंच आहे, असं मला वाटायचं.

पुढे दुकानात काचेचं नवं काउंटर आलं आणि माझी रवानगी घरी झाली. तिथे मला भिंगरी भेटली. घड्याळजीची एकुलती एक मुलगी. जिना उतरताना उड्या, जेवताना गाणी, झोपेतही पाय चालू, म्हणून बाबांनीच लाडाने ठेवलेलं हे नाव. आता माझ्यावर तिचा अभ्यास चालायचा.

एका संध्याकाळी ती चित्र रंगवत होती. हातातला खडू एकदम थांबला, डोळे वर गेले आणि ती खुर्चीवरून खाली पडली. हातपाय झटके देऊ लागले. तिचा पाय माझ्या पायावर आपटत राहिला, तो ठोका मला अजून आठवतो. आईची तर पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की याला अपस्मार म्हणतात, औषध एकही दिवस चुकवायचं नाही, आणि फिट आली की घाबरायचं नाही. मुलीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही.

बाबा हे सगळं शिकले. एरवी चार शब्द बोलायचे तिथे दोन बोलणारा हा माणूस, पण फिट आली की जमिनीवर बसायचा, तिच्या डोक्याखाली आपला हात द्यायचा आणि ती भानावर येईपर्यंत बोलत राहायचा. "मी आहे हं बाळा. इथंच आहे. कुठ्ठे जात नाही."

औषधं लागू पडली. फिट कमी होत होत थांबल्याच. घरात आनंदीआनंद झाला, आईने माझ्यावर नवं टेबलक्लॉथ घातलं. मला वाटलं, सुटली पोर. कसलं काय! खरे हाल तिथूनच सुरू झाले.

भिंगरीचं लक्ष एका जागी टिकायचंच नाही. गणित मांडायची, दुसऱ्या ओळीपाशी खिडकीत कबुतर यायचं आणि हातचा राहून जायचा. पेन्सिल शोधायला घर पालथं घालायची आणि पेन्सिल तिच्याच कानामागे. स्वेटर बसमध्ये, डबा शाळेत, मन आणखी तिसरीकडेच. हे सगळं आधीही होतं. पण तेव्हा सगळे सांभाळून घ्यायचे, आजारी आहे, असू दे. आता ते कारण उरलं नव्हतं. आता काय धाड भरली आहे हिला, असं बोलणं सुरू झालं. वर्गातल्या बाई तिला सगळ्यांसमोर उभं करायच्या. मुलं खिदळायची. मग शाळेतून निरोप आला की असंच चाललं तर हिला याच वर्गात ठेवावं लागेल. मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण मागे राहणार, या धास्तीने तिचं जेवण सुटलं.

बाबा दुकानातून आले की तिच्यासमोर बसायचे. लक्ष दे, इकडे बघ, किती वेळा सांगायचं. केसाएवढी स्प्रिंग सरळ करणाऱ्या या माणसाला हे कळेचना की आपल्याच मुलीचं एक पान पुरं का होत नाही. एकदा तर माझ्यावर थाप मारून म्हणाले, या टेबलाला बघ, कसं एका जागी उभं आहे. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, मी लाकूड आहे!

शेवटी आई तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, अपस्मार असलेल्या बऱ्याच मुलांना लक्ष टिकवणं जड जातं, आणि फिट थांबल्या तरी ते राहू शकतं. हा आळस नाही, हट्टही नाही. यावर उपाय आहेत, शाळेशीही बोलू, पुढच्या वेळी बाबांना घेऊन या. आईने घरी येऊन हे सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, आत्ता कुठे एक दुखणं संपलं, त्यात पोरीला दुसरं नाव चिकटवायचं नाही.

"चालू झालेलं घड्याळ मागे पडायला लागलं, तर परत उघडून बघता ना तुम्ही?" आईने विचारलं.

"घड्याळ मुद्दाम मागे पडत नाही," बाबा म्हणाले.

भिंगरी माझ्यापाशीच बसली होती. हे मात्र तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं.

मग परीक्षा तोंडावर आली. बाबा समोर, भागाकार वहीत, आणि भिंगरीची नजर पंख्यावर. बाबांचा आवाज चढत गेला. तुला आमच्या कष्टांची काही किंमतच नाही, असं म्हणाले. आणि भिंगरी खुर्चीवरून घसरली. हातपाय झाडू लागली.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी ते जमिनीवर होते, हात तिच्या डोक्याखाली, आवाज एकदम मऊ. "मी आहे हं बाळा. इथंच आहे." पण मला कळलं होतं. तिचा पाय माझ्या पायाला लागत होता, पण जपून. खऱ्या फिटमध्ये कुणी जपून पाय आपटत नाही. थोड्या वेळाने बाबांनाही कळलं आणि ते बोलायचे थांबले. भिंगरीने डोळे उघडले नाहीत. अगदी हळू म्हणाली,

"बाबा, अजून थोडा वेळ असंच बोला ना."

बाबांनी हात काढून घेतला. नाटकं शिकली, एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. ती तशीच फरशीवर पडून राहिली. मला पाय चार आहेत, हात एकही नाही, याचं त्या दिवशी जेवढं दुःख झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

त्यानंतर घरातली आरडाओरड बंद झाली. ऐकायला बरं वाटतं ना? बाबा आता तिच्यासमोर बसतच नाहीत. आईने डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की दुकानात काम आहे म्हणून उठतात. शाळेने भिंगरीला त्याच वर्गात ठेवलं. ती वही उघडून गप्प बसते, काही विचारत नाही, कुणाच्या मध्ये बोलत नाही. पाहुणे म्हणतात, शहाणी झाली हो तुमची मुलगी. शहाणी कसली! तिने सगळं सोडून दिलं आहे.

मित्रांनो, या म्हाताऱ्या लाकडाचं एवढं ऐका. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर त्याला हसू नका, कुठलं पान चाललं आहे ते हळूच दाखवा. आणि घरी मोठ्यांना सांगा की फिट थांबली म्हणजे मुलाची अडचण संपली, असं नसतं. मुलाशी मायेने बोलायला पुढच्या फिटची वाट बघायची नसते. आमच्या घरात एक मुलगी ती वाट बघते आहे.