रुईचा कोळसा

कृष्णकांत देवधरांनी उभी हयात विम्याचे दावे तपासण्यात घालवली होती. कोण खरं बोलतोय आणि कोण थापा मारतोय, हे आपल्याला माणसाच्या नुसत्या खाकरण्यावरून कळतं, असा त्यांचा लौकिक होता. म्हणजे तो त्यांनी स्वतःच पसरवला होता. अशा माणसाच्या जावयाने फार सांभाळून राहायला हवं. पण प्रताप कसला सांभाळून राहतोय!

मस्कतला अल हैलमध्ये लेकीकडे राहायला येऊन आठवडाही झाला नाही तोच कृष्णकांतांना कळलं, की आपला पन्नाशीला टेकलेला, एका कंपनीचे हिशेब सांभाळणारा जावई दर शुक्रवारी घरमालकाबरोबर डोंगरात जातो आणि बंदुकीची दारू बनवायला शिकतो.

"हौस म्हणून?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हौस म्हणूनच, बाबा," कल्पना म्हणाली. "बाकीचे नवरे गोल्फ खेळतात. तो महाग पडतो."

घरमालक हमद वरच्या मजल्यावर राहायचा. म्हातारा, ताठ कण्याचा, मिस्कील. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी उठबस करून हिंदी शिकलेला. नखलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव, आणि घरात आजोबांची ठासणीची बंदूक, रीतसर परवान्याची. ईदच्या दुसऱ्या दिवशी गावातली बाप्ये मंडळी आपापल्या जुन्या बंदुका घेऊन ओळीने उभी राहत आणि डोंगराच्या दिशेने एकेक बार काढत. नुसतीच दारू, गोळी नाही. त्या ओळीचा एक दंडक होता: विकतची दारू चालणार नाही. सोरा आणि गंधक हमदच्या कुलपात, मिश्रणही गावातच, त्याच्या डोळ्यांदेखत. कोळसा मात्र ज्याचा त्याने जाळायचा, आणि तोही रुईच्या काटक्यांचा.

"रुई मारुतीला वाहतात," कृष्णकांत जावयाला म्हणाले. "तुम्ही जाळता."

प्रताप हसला. त्याला काहीही म्हटलं तरी तो हसायचा, हेच तर कृष्णकांतांना खुपायचं. पण यंदा त्याचं हसू जरा जास्तच रुंद होतं. इतकी वर्षं तो ओळीच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवत आला होता. या ईदला हमद आपली बंदूक त्याच्या हाती देणार होता. बार दणदणीत निघाला तर प्रताप त्या ओळीतला होणार होता. बाहेरच्या कुणाला हा मान याआधी मिळालेला नव्हता.

आता कृष्णकांतांच्या दातांविषयी. टूथपेस्ट म्हणजे साखर आणि साबण, असं त्यांचं ठाम मत. ते जन्मभर राखुंडीने दात घासत आलेले. पुण्याहून आणलेली राखुंडी संपली आणि त्यांच्यावर तोंड वाकडं करून पेस्ट वापरायची वेळ आली. अशात एका सकाळी, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, त्यांना स्टीलचा डबा दिसला. आत काळीभोर, मऊसूत पूड. कृष्णकांतांना भरून आलं. न सांगता, न विचारता लेकीने बापाची सोय केली होती! त्यांच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, त्यामुळे ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त रोज दोन वेळा, बोट बुडवून बुडवून, त्यांनी लेकीच्या मायेचा आस्वाद घेतला. शेवटी शेवटी तर तांब्याचं भांडंसुद्धा त्या पुडीनेच घासून काढलं.

ईद तोंडावर आली तेव्हा जेवताना प्रताप म्हणाला, "उद्या गावी जाऊन दारू करायची. कोळशाचा डबा मशीनवरच्या फळीवर तयारच आहे."

मशीनवरच्या फळीवर डबा एकच होता, हे कृष्णकांतांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी डबा उघडला. तळाशी चिमूटभर.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःची चूक कबूल करायची सवय कुठून असणार? शिवाय कुणापुढे, तर जावयापुढे! बाल्कनीत समुद्रावरच्या बार्बेक्यूसाठी आणलेली कोळशाची पिशवी पडली होती. कोळसा तो कोळसा, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी कल्पनाचा खलबत्ता काढला. दुपारपर्यंत कुटलं, चाळलं, जुन्या पंच्यातून वस्त्रगाळ केलं. अंगठ्याला टपोरा फोड आला. डबा पुसून त्यांनी जागच्या जागी ठेवला. संध्याकाळी प्रतापने तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि हमदच्या गाडीत नेऊन ठेवला.

त्या रात्रीपासून कृष्णकांतांचं जेवण कमी झालं. रुईचाच कोळसा का, हे त्यांनी सहज विचारल्यासारखं करून हमदला विचारलं होतं. "दूसरा कोयला आलसी है, बाबा," हमद म्हणाला होता. "जलता है, बोलता नहीं."

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे गावी गेले. खजुरीच्या बागेपलीकडच्या मैदानात ओळ लागली होती. ढोल वाजत होते. एकेक बार निघे, डोंगर त्याला उत्तर देई, पोरं किंचाळत. मग हमदने स्वतःच्या हाताने बंदूक ठासली आणि प्रतापच्या हाती दिली. प्रतापने तिथल्या पुरुषांसारखा नवा कोरा, पांढरा, पायघोळ दिशदाशा घातला होता. कल्पनाने मोबाइल वर केला. ढोल थांबले.

एवढ्या लोकांत हा माणूस तोंडघशी पडणार, आणि हसतहसत घरी येणार, आणि कारण आयुष्यभर फक्त आपल्यालाच ठाऊक असणार. ते कृष्णकांतांना सोसवेना.

"थांबा!" ते ओरडले आणि तरातरा ओळीपर्यंत, हमदसमोर गेले. "अर्बाब, रुको! वो कोयला रुई का नहीं है. रुईवाला मैंने दात को लगाया. पूरा डब्बा. ये बार्बेक्यूवाला है, मैंने भरा. इनकी कुछ गलती नहीं है."

हमदने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग दातांकडे, आणि मग अरबीत सगळ्या ओळीला सांगितलं. मैदान हसून लोटपोट झालं. एक म्हातारा तर बंदुकीचा आधार घेऊन खाली बसला. कल्पनाने कपाळावर हात मारला. कृष्णकांत मान खाली घालून उभे राहिले.

प्रताप त्यांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"रुईचा कोळसा पिसासारखा हलका असतो. डबा उचलला तेव्हाच कळलं. शिवाय तुमची मिशी रोज सकाळी काळी असायची."

"मग बोलला का नाहीत?"

प्रताप ओशाळला. "तुमच्या अंगठ्याला फोड आला होता. एवढं राबून कुटलंत, वस्त्रगाळ केलंत. म्हटलं, बाबांनी केलंय तर तेच वापरू."

कृष्णकांतांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"भरी हुई बंदूक घर नहीं जाती," हमद म्हणाला. "यल्ला, प्रताप!"

प्रतापने नेम धरला. फुस्स! नळीतून विडीएवढा धूर निघाला आणि पोरांनी आनंदाने माती उधळली. हमदने दिलगिरीने हात पसरले. ज्याचा बार फुसका, त्याने सगळ्या ओळीला कॉफी वाढायची, हा तिथला कायदा, आणि कायद्यापुढे मित्रही मित्र नसतो. कुणीतरी कॉफीची सुरई आणून प्रतापपुढे धरली.

ती कृष्णकांतांनी घेतली.

"अहो बाबा, तुम्ही कशाला? द्या इकडे."

"बसा तुम्ही," कृष्णकांत म्हणाले. "बार माझा होता."

त्यांनी पहिला पेला जावयाला भरून दिला आणि मग, सुरई दोन्ही हातांनी धरून, ते ओळीतल्या पुढच्या माणसाकडे वळले.