मावशी रांगेत उभ्या राहतात

संस्थेच्या मोफत जेवणघरात मावशी रोज दोनशे माणसांचा स्वयंपाक करायच्या. मीठ बघायला एक चमचा चाखायचा, तेवढंच काय ते त्यांच्या वाट्याला. पगार घरभाड्यातच उडायचा आणि घरी डब्यांत खडखडाट असायचा. म्हणून आज त्यांची लेक ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. व्यवस्थापकानं तिला ओळखलं आणि दंडाला धरून बाजूला काढलं.

"मावशी, हे बरं नाही. कामावरच्यांच्या घरच्यांना इथं जेवण मिळत नाही. हे गरिबांसाठी आहे."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग आम्ही काय सोन्याच्या ताटात जेवतो, साहेब?"

"नियम म्हणजे नियम."

मावशींनी ॲप्रन सोडून त्याच्या खांद्यावर टाकला, वाढायचा डाव त्याच्या हातात कोंबला, लेकीचा हात धरला आणि रांगेत तिच्याच जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता मी कामावर नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दोन ताटल्या वाढा. आणि उद्या चूल कोण पेटवणार, ते तुमच्या नियमाला विचारा."